कबड्डी पंच परीक्षा: माझी दोन वर्षं

पंच परीक्षेचा अर्ज कुठे मिळतो, अभ्यास काय करायचा, बायकांना रात्रीच्या सामन्यांना बोलावतात का, हे गेल्या दोन महिन्यांत मला चार जणींनी विचारलं. प्रत्येकीला फोनवर थोडं थोडं सांगितलं आणि फोन ठेवल्यावर प्रत्येक वेळी वाटलं, महत्त्वाचं राहूनच गेलं. म्हणून आता सगळं एकदाच लिहून काढते. मी काही मोठी पंच नाही. जिल्ह्यातल्या स्पर्धांना जाते, तेही पतसंस्थेतली नोकरी सांभाळून. पण या वाटेवर कुठे ठेच लागते ते अजून ताजं आहे.

मी कुमारी गटात जिल्ह्याकडून खेळले आहे. डावा गुडघा गेला, मग लग्न झालं, आणि पंधरा वर्षं कबड्डी म्हणजे फक्त टीव्हीवर. जून २०२३ मध्ये शाळेतल्या सरांचा फोन आला. ते आता निवृत्त झालेत, पण त्यांच्या शिट्टीने अजून गाव जागं होतं. म्हणाले, "मुली, पंच परीक्षेचे अर्ज निघालेत. या वेळी भर. बायका पंच कमी पडतात." मी गुडघ्याचं कारण सांगितलं. "पंचाला पकड करायची नसते," म्हणाले आणि फोन ठेवला.

अर्ज जिल्हा संघटनेकडे मिळतो. माझ्या वेळी फी ५०० रुपये होती, रोख. सोबत दहावीचं प्रमाणपत्र, आधारची प्रत, दोन फोटो आणि शेवटी जिल्ह्याच्या सचिवांची सही. सोपं वाटतं ना? माझा अर्ज परत आला. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. लग्नाचा नोंदणी दाखला लावा म्हणाले. तो दाखला माहेरच्या ग्रामपंचायतीत. ग्रामसेवकांकडे दोन गावांचा कारभार, त्यामुळे पहिल्या फेरीला ते दुसऱ्या गावात, दुसऱ्या फेरीला तालुक्याला मीटिंगला. तिसऱ्या फेरीला भेटले आणि दहा मिनिटांत दाखला हातात दिला. तीन अर्ध्या रजा गेल्या. लग्न झालेल्या मैत्रिणींनो, अर्जाची वाट न बघता हा दाखला आधीच काढून ठेवा आणि त्याच्या चार झेरॉक्स करून ठेवा. पुढे ओळखपत्रालाही तोच लागतो.

अर्ज शेवटी १५ जुलैला दिला. त्या दिवशी कबड्डी दिन, कबड्डीमहर्षी बुवा साळवींची जयंती. कार्यालयात त्यांच्या फोटोला ताजा हार होता आणि टेबलावर पेढ्यांचा पुडा. अर्ज घेणाऱ्या गृहस्थांनी कागद न बघताच पेढा पुढे केला, मग सावकाश कागद बघितले. एकही परत दिला नाही.

अभ्यासाला नियमांची एक छोटी पुस्तिका. पहिल्या दिवशी चहा पिता पिता चाळली आणि बाजूला ठेवली. खेळलेल्या माणसाला हाच रोग असतो, सगळं माहीत आहे असं वाटतं. दुसऱ्या दिवशी सहावीतल्या लेकीने पुस्तिका हातात घेऊन विचारलं, "आई, मैदानाच्या रेषेची रुंदी किती?" मी गप्प. तीन ते पाच सेंटिमीटर. आठ वर्षं त्या रेषांवर नाचले, पण रुंदी कधी विचारली नव्हती.

पाठ करून आकडे डोक्यात राहीनात, म्हणून आखायचं ठरवलं. बाहेर रायगडातला जुलैचा पाऊस. मग देवळाच्या सभामंडपात खडूने महिलांचं अर्धं मैदान आखलं: आठ मीटर रुंद, सहा मीटर खोल. मध्यरेषेपासून तीन मीटरवर निदान रेषा (चढाईपटूला निदान एवढी तरी ओलांडावी लागते), तिच्यापुढे एका मीटरवर बोनस रेषा (ती ओलांडली तर जादा गुण). पुरुषांची निदान रेषा पावणेचार मीटरवर असते. हे पावणेचार आणि तीन माझ्या डोक्यात कायम अदलाबदल व्हायचे. टेप धरून गुडघ्यावर बसून एकदा आखल्यावर पुन्हा कधी चुकले नाहीत. पुजारीकाका रोज येऊन बघायचे. "आरतीच्या आधी पुसून टाक गं," एवढीच त्यांची अट. पुसायला लेक आणि तिच्या मैत्रिणी. पुसण्याच्या बदल्यात त्यांना दहा मिनिटं खेळू द्यायचं असा करार होता.

परीक्षा २० ऑगस्टला, रविवारी, मुंबईत दादरजवळच्या एका शाळेत. पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद असते, म्हणून पहाटेची एसटी, पनवेल, तिथून लोकल, कुर्ल्याला गाडी बदल. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्याने येण्याजाण्याचा खर्च तीनशेच्या आत बसला. वडखळला गाड्यांची रांग लागली तेव्हा पोटात गोळा आला होता. लांबून जाणार असाल आणि कुणी नातेवाईक असेल तर आदल्या रात्री जाऊन राहा. मी पोचले तेव्हा पेपर वाटायला सुरुवात झाली होती.

परीक्षा तीन भागांत होती: लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक. लेखीचं फार सांगण्यासारखं नाही. पुस्तिका तीनदा नीट वाचली असेल तर लेखी जाते. वजनं आणि वयं मात्र पक्की करा. किशोर गट ५५ किलो, कुमार ७०, कुमारी ६५, आणि कुणाची वयोमर्यादा १६, कुणाची २०. माझ्या शेजारच्या मुलाने पुरुषांचं वजन लिहिलंच नाही, कारण त्याला वाटायचं मोठ्यांना वजनाची अट नसते. ८५ किलो आहे.

तोंडीला दोन ज्येष्ठ पंच समोर. एकांनी हसून सुरुवात केली, "संजीवनी, गामिनी, अमर, सांगा." हे मला येत होतं, आजोबांकडून ऐकलेलं. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला बाद होऊन बसलेला गडी परत खेळायला उठतो, गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो, अमरमध्ये बाद झाला तरी आतच खेळत राहतो आणि फक्त गुण मोजतात. आज आपण खेळतो ती संजीवनीचीच लेक. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याचं १९२३ सालही सांगून टाकलं, कारण तिथे नियम छापले गेले हे पुस्तिकेत होतं. दोघांनी माना डोलावल्या. मला वाटलं, झालं.

मग दुसऱ्यांनी शांतपणे विचारलं, "चढाईपटूने बोनस घेतला आणि परत आला. त्याचे दोन गडी बसलेत. किती उठतील?"

"एक," मी म्हणाले.

ते काहीच बोलले नाहीत. नुसतं बघत राहिले. मग मला घाम फुटला. बोनसच्या गुणाला गडी उठत नाही. खेळताना मी स्वतः कितीदा उठण्यासाठी उभी राहिले असेन आणि पंचांनी खाली बसवलं असेल. चूक दुरुस्त केली, पण गुण गेला असणार. त्यांचा पुढचा प्रश्न असा: बोनस रेषा ओलांडली आणि मग पकडला गेला तर? दोन्ही संघांना एकेक. हे बरोबर आलं.

प्रात्यक्षिकात मी बुडाले.

शाळेच्या मैदानावर कॉलेजच्या मुलांचे दोन संघ खेळवत होते आणि आम्ही आळीपाळीने पाच-पाच मिनिटं पंच म्हणून उभे राहायचं. एका बाजूला मी, समोरच्या बाजूला दुसरा परीक्षार्थी. पहिल्या चढाईला मी शिट्टी वेळेवर दिली. दुसरीला पकड सुरू झाली, मुलगा खाली गेला, मी शिट्टी वाजवली, आणि तो त्या ढिगाऱ्यातून हात लांब करून मध्यरेषेला पोचला. माझी शिट्टी आधी गेली होती. खेळ मेला. ज्या मुलाने जिवाच्या आकांताने हात लांबवला होता त्याने माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवतं. त्यानंतर माझे हातच चालेनात. गुण कुणाला दिला ते दाखवताना चुकीच्या बाजूचा हात वर केला.

परीक्षक जवळ आले. "बाई, तुम्ही खेळ बघताय," म्हणाले. "छान खेळ चाललाय, बघावासा वाटणारच. पण तुमच्या बाजूची रेषा कोण बघणार?"

खरं होतं. माझी नजर चढाईपटूच्या खांद्यावर होती, मी खेळाडू असताना जिथे असायची तिथेच.

निकालाला महिना लागेल म्हणाले होते, अडीच लागले. मधे मी दर आठवड्याला फोन करायचे, मग लाज वाटून दर पंधरा दिवसांनी. आणि या वाट बघण्यातच ७ ऑक्टोबर उजाडला. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पुरुषांचा अंतिम सामना, भारत आणि इराण. शनिवार होता, घरी सगळे टीव्हीसमोर. २८–२८ अशी बरोबरी असताना भारताचा पवन सेहरावत चढाईला गेला आणि कुणाला न शिवताच लॉबीत गेला. लॉबी म्हणजे मैदानाच्या कडेची पट्टी, शिवाशिव झाल्याशिवाय तिथे पाय टाकायचा नसतो. पुस्तिकेत तिला राखीव क्षेत्र म्हणतात, पण बोलताना सगळे लॉबीच म्हणतात. त्याच्यामागे इराणचे गडीही लॉबीत शिरले. मग पुढे काय झालं ते कबड्डी बघणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. एका नियमाप्रमाणे चढाईपटू बाद आणि न शिवता लॉबीत गेलेले बचावपटूही बाद. दुसऱ्याप्रमाणे चढाईपटू बाद झाला तिथेच खेळ संपला, बाकीचे बाद नाहीत. निर्णय इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे आला, खेळाडू मॅटवर बसून राहिले, सामना सुमारे तासभर थांबला. शेवटी भारत ३३–२९ ने जिंकला.

घरात फटाके फोडायची घाई. नवरा म्हणाला, "जिंकलो ना, मग?" मी मात्र त्या टेबलाभोवती उभ्या असलेल्या पंचांकडे बघत होते. नियम माहीत नाही असा त्यांच्यात कुणी नसणार. या सामन्याला कुठला नियम लागू, यावर सगळं अडलं होतं. त्या दिवसापासून एक सवय लावून घेतली, आणि ती तुम्हीही लावा: सामन्याआधी पंचांची जी छोटी बैठक होते तिथे सरपंचांना थेट विचारायचं, "सर, लॉबीचं काय धरायचं?" सुरुवातीला काहींना हा प्रश्न बावळट वाटतो. वाटू दे.

(सरपंच म्हणजे मुख्य पंच. गावात स्पर्धा असली की उद्‌घाटनाला ग्रामपंचायतीचे सरपंचही असतात, आणि माइकवरून "सरपंचांनी मैदानावर यावं" म्हटलं की दोघेही निघतात.)

निकाल दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आला. लेखी आणि तोंडी उत्तीर्ण, प्रात्यक्षिक अनुत्तीर्ण. पुढच्या वर्षी फक्त प्रात्यक्षिक द्यायचं, पण फी पुन्हा पूर्ण. रडू आलं हे खोटं का सांगू? गुडघा गेला तेव्हाही एवढं आलं नव्हतं. सरांना फोन केला तर ते म्हणाले, "बरं झालं. लगेच पास झाली असतीस तर पहिल्याच गावात मार खाल्ला असतास."

पुढचं वर्ष सरांनी मला शाळेच्या मैदानावर उभं केलं. शनिवारी दुपारी मुलं खेळायची आणि मी बाजूच्या रेषेवर. सुरुवातीचे दोन महिने त्यांनी माझ्या हातात शिट्टीच दिली नाही. "फक्त पाय बघ. कुणाचा पाय कुठे पडला ते मनात बोल." कंटाळवाणं होतं. पण त्याने नजर खाली आली. बोनसला चढाईपटूचा पुढचा पाय रेषेपलीकडे जातो तेव्हा मागचा पाय हवेत हवा. माणूस साहजिकच पुढचा पाय बघतो, पंचाने त्याच क्षणी मागचा बघायचा. हे वाचून येत नाही. दोनशे-तीनशे वेळा बघावं लागतं.

शिट्टीबद्दल एक. आत मणी असलेली शिट्टी थुंकी गेली की ऐन वेळी घुसमटते. मणी नसलेली घ्या, थोडी महाग पडते. दोन घ्या, एक गळ्यात, एक खिशात. आणि दातांत धरून ठेवू नका. हातात असली की तोंडापर्यंत न्यायला जो अर्धा क्षण जातो, तोच चुकीची शिट्टी वाचवतो. मी दातांत धरायचे, म्हणून ती त्या मुलाच्या आधी वाजली होती.

२५ ऑगस्ट २०२४ ला प्रात्यक्षिक पुन्हा दिलं. पाच मिनिटं, सहा-सात चढाया, काही विशेष घडलं नाही. परीक्षक वेगळे होते. दसऱ्याच्या आसपास निकाल, डिसेंबरात ओळखपत्र. त्यासाठी ३०० रुपये, दोन फोटो आणि तोच तो लग्नाचा दाखला.

पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि बूट मिळून १४०० च्या आसपास गेले. पँट ट्रॅकपँटच्या कापडाची शिवून घ्या, कडक कापडाची नको. रात्रभर रेषेवर पुढे-मागे करायचं असतं.

पहिली नेमणूक मिळाली ती सहायक गुणलेखक म्हणून. नाव छोटं, काम जोखमीचं. बाद झालेले गडी ज्या क्रमाने बसले त्याच क्रमाने उठले पाहिजेत, आणि हा क्रम सांभाळणं हे सहायकाचं काम. पोरं मुद्दाम पुढे सरकून बसतात, चांगला चढाईपटू आधी उठावा म्हणून. मी पहिल्या रात्री वहीत लिहीत होते आणि पानं उलटता उलटता गोंधळले. तिसऱ्या रात्रीपासून युक्ती काढली. खेळाडूंच्या नंबरांच्या पुठ्ठ्याच्या चकत्या कापल्या, लेकीच्या जुन्या वहीच्या कव्हरमधून. गडी बसला की चकती रांगेत ठेवायची, उठला की डावीकडची उचलायची. बाकीचे पंच आधी हसले, आता एकदोघे मागून नेतात.

रात्रीच्या स्पर्धांचं विचाराल तर, हो, बोलावतात. सामने दहाला सुरू होतात असं पत्रिकेवर असतं, अकराच्या आत होत नाहीत, आणि अंतिम सामना पहाटे तीनला. मानधन माझ्या भागात रात्रीला ५०० च्या आसपास, पाकिटात, आणि जेवण. येण्याजाण्याचं आधी बोलून घ्या, नंतर मागायला संकोच होतो. मी संयोजकांना स्पष्ट सांगते: कपडे बदलायला वेगळी खोली, बाथरूम, आणि सामने संपल्यावर घरापर्यंत गाडी. पहिल्यांदा सांगताना आवाज कापत होता. कुणी नाही म्हणालं नाही.

आता ज्या रात्रीबद्दल लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, ती. ८ फेब्रुवारी २०२५. गाव आणि संघ सांगत नाही. कुमार गटाचा उपांत्य सामना, मी पंच. यजमान गावचा संघ एका गुणाने मागे, दीडेक मिनिट बाकी. त्यांचा मुलगा चढाईला आला, समोर सहा गडी, म्हणजे बोनस खुला. त्याने माझ्याच बाजूला पाय टाकला. पुढचा पाय रेषेपलीकडे गेला. मागचा टेकलेला होता. मी हाताने नाही म्हणून दाखवलं.

यजमान संघाचे प्रशिक्षक थेट मैदानात आले. माझ्या तोंडासमोर उभं राहून म्हणाले, "मॅडम, घरी जाऊन भाकऱ्या थापा. पायातलं तुम्हाला काय कळतं?" आणि हातातली पाण्याची बाटली माझ्या पायाशी आपटली. पाणी पँटवर उडालं. दोन हजार माणसं, आणि क्षणभर जनरेटरचा आवाज तेवढा ऐकू येत होता. सरपंचांनी त्यांना बाहेर काढलं, पाच-सहा मिनिटांनी सामना सुरू झाला, यजमान हरले.

सामन्यानंतर सरपंचांनी मला कोरा कागद, कार्बन आणि पेन दिलं. "अहवाल लिही. आधी घड्याळात किती वाजले होते ते लिही." एवढंच म्हणून ते पुढच्या सामन्याला गेले.

मंडपामागच्या खोलीत बसून मी लिहायला लागले. दोन पानं झाली. त्यात ते प्रशिक्षक कसे आहेत, मागच्या वर्षीही त्यांनी म्हणे असंच केलं होतं, गावातली पोरं कशी शिव्या देत होती, बाईमाणसाला कसं वागवतात, सगळं होतं. वाचून पाहिलं. त्यातलं माझ्या डोळ्यांनी बघितलेलं अर्धंही नव्हतं.

तेवढ्यात संयोजकांपैकी एक काका चहा घेऊन आले. वाईट माणूस नव्हे, उलट मला घरी सोडायला गाडी त्यांचीच होती. "ताई, गावची गोष्ट आहे, मिटवून टाका. तो जरा तापट आहे. पुढच्या वर्षीही तुम्हालाच बोलावणार आम्ही." त्यांच्यामागून एक पोरगा मोबाइल घेऊन आला, कुणीतरी काढलेला व्हिडिओ. "बघा मॅडम, पाय हवेत आहे." मी चार वेळा बघितला. माझ्या समोरच्या बाजूने काढलेला, मधे बचावपटूची पोटरी. पाय हवेत आहे असं म्हणायचं तर म्हणता येईल, टेकला आहे असंही. खरं सांगायचं तर तो बघितल्यावर माझ्याच मनात किडा शिरला. तो अजून पूर्ण गेलेला नाही.

काय लिहायचं आणि काय नाही, यावर चहा गार झाला. "अपशब्द वापरले" असं लिहायचा मोह होता. सभ्य दिसतं. पण मग वाचणारा आपापल्या मनाने शिव्या भरणार, आणि त्या माणसाने न दिलेल्या शिव्याही त्याच्या नावावर जाणार. म्हणून वाक्य जसंच्या तसं लिहिलं, भाकऱ्यांसकट. मागच्या वर्षीचं काढून टाकलं, ते ऐकीव होतं. पोरांच्या शिव्या काढल्या, कोण देत होतं ते मी बघितलं नव्हतं. बाटली "फेकून मारली" असं आधी लिहिलं होतं, ते खोडून "माझ्या पायाजवळ आपटली, लागली नाही" असं केलं. बोनसबद्दल एक ओळ: माझ्या जागेवरून मागचा पाय टेकलेला दिसला, म्हणून बोनस दिला नाही. व्हिडिओचा उल्लेख नाही. तो कुणाला द्यायचा असेल तर त्याने द्यावा.

मग उरलं एक. पहिल्या डावात माझी एक शिट्टी लवकर गेली होती. पकड पूर्ण व्हायच्या आधी. तीच जुनी खोड. फटका बसला होता तोही यजमान संघालाच. कुणी ओरडलं नव्हतं, सरपंचांनाही कदाचित कळलं नव्हतं. पण ते प्रशिक्षक अर्धा तास जे साठवत होते त्यात ती शिट्टी असणार, असं मला त्या खोलीत बसल्यावर वाटलं. त्यांच्या वागण्याला ते कारण पुरत नाही. तरीही ती शिट्टी मी वाजवली होती. शेवटची ओळ लिहिली: पहिल्या डावात अमुक मिनिटाला माझी शिट्टी पकड पूर्ण होण्याआधी वाजली. बारा ओळींचा अहवाल झाला. काकांना म्हटलं, "काका, मिटवायचं की नाही ते वरचे ठरवतील. मी फक्त लिहिलंय." त्यांनी मान हलवली. पहाटे साडेतीनला त्यांनीच घरी सोडलं, वाटेत फारसं बोलले नाहीत.

अहवाल कार्बन ठेवून लिहा आणि खालची प्रत स्वतःकडे ठेवा. फोटो काढून ठेवला तरी चालतो, पण कार्बनवर सरपंचांची सही घेतलेली बरी. मला ती लागली.

पाच-सहा आठवडे काही नाही. २३ मार्चला समितीपुढे बोलावलं, रविवारी दुपारी. ते प्रशिक्षकही आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला सोबत घेऊन. बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं वीस मिनिटं एकत्र बसलो होतो. त्यांच्या बायकोने मला पाणी विचारलं.

आत अहवाल मोठ्याने वाचला गेला. भाकऱ्यांचं वाक्य वाचताना वाचणारे अडखळले. प्रशिक्षकांनी नाकारलं नाही, बाटलीबद्दलही "लागली नाही असं त्यांनीच लिहिलंय" म्हणाले. मग समितीतल्या एकांनी मला विचारलं, "ही शिट्टीची ओळ तुम्ही स्वतःहून का लिहिली? याबद्दल कुणाची तक्रारच नव्हती."

मी म्हणाले, "त्यांचं लिहीत होते, म्हणून माझंही लिहिलं."

प्रशिक्षकांनी लेखी माफी मागितली आणि त्यांनी त्या हंगामातल्या उरलेल्या सामन्यांना संघासोबत बसायचं नाही असं ठरलं. मला शिट्टीबद्दल तोंडी समज मिळाली, आणि पुढच्या दोन स्पर्धांना पुन्हा सहायक गुणलेखक. थोडं वाईट वाटलं. चकत्यांचा पुठ्ठा कपाटातून काढला, त्यातली सात नंबरची हरवली होती, ती नवीन कापली.

हिशेब विचारणाऱ्यांसाठी: दोन वर्षांची फी, ओळखपत्र, प्रवास, कपडे, शिट्ट्या धरून माझे साडेतीन हजार गेले. पहिल्या हंगामात मानधनाचे साडेचार हजार आले. रजा आणि झोप यात धरलेली नाही. या वर्षीचे अर्ज कधी निघतात ते जिल्हा कार्यालयात जूनमध्येच विचारा, आणि लग्नाचा दाखला आजच काढायला टाका.